बेसचे पार्ट बदलून घेताना मला असं लुबाडलं, बेस कुणाकडे देण्याआधी वाचा

ज्यांच्याकडे बेस गिटार आहे आणि तो कुणाकडे तरी अपग्रेडला टाकायचा विचार चाललाय त्यांनी हे पूर्ण वाचा प्लीज. पुण्यात एका रिपेअरवाल्याने मला जसं फसवलं तसं कुणालाही फसवता येतं, कारण सगळी लबाडी कंट्रोल प्लेटच्या (नॉब बसवलेल्या पट्टीच्या) खाली होते आणि ती प्लेट गिऱ्हाईक सहसा उघडत नाही.

माझा बेस म्हणजे सेकंडहँड घेतलेला जपानी बनावटीचा फेंडर जॅझ बेस. हे 1960 सालचं डिझाइन, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारे मॅग्नेट आणि वायरची गुंडाळी), दोन व्हॉल्यूम, एक टोन, आत फारसं काही नसतं. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, स्टेजवर लाइटचे डिमर चालू झाले की सिंगल कॉइल गुणगुणायला लागतात (यालाच हम म्हणतात), म्हणून आतून नीट शील्डिंग (हम अडवणारं धातूचं अस्तर) करून घ्यायचं होतं आणि हात घालतोच आहोत तर प्रीअँपही (आवाज वाढवणारं, बॅटरीवर चालणारं सर्किट) बसवू असं ठरवलं. त्या माणसाने यादी दिली, अमेरिकन पिकअपचा सेट, सीटीएस कंपनीचे 250के (250 किलोओम) पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे कंट्रोल), प्रीअँप, तांब्याच्या फॉइलचं शील्डिंग, पितळी सॅडलचा ब्रिज (तारा जिथे टेकतात तो भाग), सगळं मिळून 32 हजार. 25 हजार अ‍ॅडव्हान्स घेतला, व्हॉट्सॅपवर सीलबंद खोक्यांचे फोटो पाठवले, आणि जुने पिकअप परत द्या म्हटल्यावर "देतो ना दादा, कुठे जातायत" म्हणाला.

बेस घरी आणून लावला आणि लगेच कळलं की काहीतरी गडबड आहे. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट ध्रुवाचे असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम फुल केले की हम जवळजवळ मरतो. माझ्याकडे दोन्ही फुल केले की हम वाढत होता आणि ई स्ट्रिंगचा तळच गायब, आवाज नाकात बोलल्यासारखा. तारांना हात लावला तरी हममध्ये काडीचा फरक नाही. वर बेस केसमध्ये नुसता पडून असताना 9 व्होल्टची बॅटरी संपत होती.

मग प्लेट उघडली. तांब्याच्या फॉइलच्या जागी स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायला वापरतो ती अ‍ॅल्युमिनियम फॉइल गोंदाने चिकटवलेली! अ‍ॅल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही, म्हणून ग्राउंडची वायर सोलून तिचं टोक काळ्या इन्सुलेशन टेपखाली नुसतं दाबून ठेवलेलं, मी बोटाने टेप उचलली तर वायर हातात आली. ब्रिजखाली जाणारी ग्राउंडची वायर कापलेली, म्हणून तारांना हात लावून हम कमी होत नव्हता. एका पिकअपच्या दोन वायरी उलट जोडलेल्या, त्यामुळेच तो तळ गायब. जॅक (केबल खुपसायची जागा) मोनो टाकलेला. प्रीअँप असेल तर स्टीरिओ जॅकच लागतो, बॅटरीची निगेटिव्ह वायर त्याच्या रिंगवर जाते आणि केबल काढली की सर्किट तुटतं, मोनो जॅकवर प्रीअँप चोवीस तास चालूच राहतो. पॉट म्हणाल तर साधारण 16 मिलिमीटरचे छोटे, सीटीएसच्या मोठ्या पॉटवर 137 ने सुरू होणारा कोड असतो, यांच्यावर काहीच नाही. पिकअप काढून उलटे केले तर खाली सिरॅमिक मॅग्नेटची पट्टी चिकटवलेली. मला अल्निको (मॅग्नेटचा दुसरा प्रकार) सांगून दिलेले, आणि जुन्या धाटणीच्या अल्निको पिकअपमध्ये वरून दिसणाऱ्या सळ्या स्वतःच मॅग्नेट असतात, खाली पट्टी लागत नाही. पितळी म्हणून लावलेल्या सॅडलला फ्रिजवरचा मॅग्नेट लावला तर टचकन चिकटला, पितळेला मॅग्नेट चिकटत नाही.

फोन केला तर म्हणे "दादा ओरिजिनलच आहे सगळं, तुम्हाला सेटिंग जमत नाहीये." जुने पिकअप मागितले तर भलतेच कुठलेतरी काढून दिले. बेस घेतला तेव्हा मी आतले फोटो काढून ठेवले होते, माझ्या पिकअपखाली लाल स्केचपेनची आडवी रेघ आहे, यांच्याखाली काहीच नाही. फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. खरा राग मला पैशांपेक्षा याचा आला, ते पिकअप ऐकून मी तो बेस घेतला होता.

बेस देणार असाल तर आधी स्वतः प्लेट उघडून फोटो काढा, पिकअपचे खालचेसुद्धा, आणि मल्टीमीटर घ्या. पॅसिव्ह (प्रीअँप नसलेल्या) जॅझ बेसमध्ये केबल लावून एक व्हॉल्यूम बंद, दुसरा फुल करा आणि प्लगच्या टोकावर नि बाहेरच्या भागावर मीटर लावा, त्या एका पिकअपचं रीडिंग मिळतं, जुन्या धाटणीच्या पिकअपला साधारण 7 ते 8 किलोओम येतं. मग दुसऱ्याचं घ्या आणि लिहून ठेवा. प्रीअँप बसल्यावर हे रीडिंग जॅकवरून घेता येत नाही, म्हणून देण्याआधीच. बिलावर प्रत्येक पार्टचं नाव आणि मॉडेल लिहून घ्या, मला मिळालेल्या बिलावर फक्त 'पार्ट्स व मजुरी' एवढंच आहे, तेव्हा व्हॉट्सॅपवरची ती यादीच आता माझा पुरावा आहे. खोकी तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि जुने पार्ट मोजून ताब्यात घेतल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका, मग तो कितीही गोड बोलू दे.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे कुणी दुसऱ्या शहरात फसला असेल तरी गप्प बसू नका. कुणाला सेकंडहँड जपानी जॅझ पिकअपचा सेट विकायला आलेला दिसला आणि खाली लाल रेघ असेल तर घेऊ नका, फोटो मला पाठवा.