मुख्य पासवर्ड हरवल्यावर प्रॉक्समॉक्स कसे वागते : जिनिंगमधील अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी संगणकाचे काम पाहतो. वजनकाटा, टॅली आणि कापूस खरेदीच्या पावत्या यांची तीन व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक, एकाच सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स व्हीईमध्ये चालतात. अशी मशीन्स चालवणारी ही प्रणाली आहे. ती बसवून देणारे गृहस्थ काम सोडून गेले आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. पुढे ऐन हंगामात, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, वजनकाट्याच्या मशीनची डिस्क भरली. ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर प्रॉक्समॉक्सच्या लॉगिनची चौकट समोर होती, पण आत शिरता येत नव्हते. बसवताना ही प्रणाली ई-मेल पत्ता विचारते, म्हणून ‘पासवर्ड विसरलात?’ अशी काही सोय असेल असे वाटले होते. मात्र तो पत्ता केवळ सूचना पाठवण्यासाठी असतो.

सुटका झाली ती प्रॉक्समॉक्स मुळात डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभे असल्यामुळे. वेब पानावरचा रूट आणि लिनक्सचा रूट एकच असल्याने लिनक्सचा पासवर्ड बदलला की काम होते. रात्री काटा बंद झाल्यावर सर्व्हरचे पॉवर बटण एकदाच, हलकेच दाबले. दाबून धरले नाही, कारण एका दाबाने आधी आतली मशीन्स रीतसर बंद होतात. पुन्हा सुरू करताना ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत ‘ई’ ही कळ दाबली, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडले आणि कंट्रोल-एक्स दाबले. त्याने पासवर्ड न विचारता रूट म्हणून थेट आज्ञा देता येतात. या अवस्थेत डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. ती लिहिण्याजोगी करून घेण्याची आज्ञा मी आधी विसरलो, त्यामुळे पासवर्ड बदलण्याची आज्ञा पहिल्यांदा फसली. दुसऱ्यांदा साधले. टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही, याने नवख्या माणसाने घाबरू नये. शेवटी बदल डिस्कवर पक्के लिहून घेणारी ‘सिंक’ ही आज्ञा देऊन सर्व्हर पुन्हा सुरू केला.

लॉगिन होताच सशुल्क सबस्क्रिप्शन नसल्याची ती नेहमीची कटकटीची चौकट आली. त्या रात्री तीही गोड वाटली. तिन्ही मशीन्स जशीच्या तशी होती. प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या यादीतील, म्हणजे पीव्हीई रेल्ममधील वापरकर्त्यांचे पासवर्ड मात्र या मार्गाने बदलता येत नाहीत, कारण ते ज्या /ईटीसी/पीव्हीई फोल्डरमध्ये असतात, ते प्रॉक्समॉक्सची क्लस्टर (सर्व्हरांचा गट सांभाळणारी) सेवा सुरू झाल्यावरच भरलेले दिसते. रूट हाती आल्यावर ते वेब पानावरून बदलले.

व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्सआय या अशाच प्रणालीत सुटा होस्ट, म्हणजे एकटाच चालणारा सर्व्हर, असेल, तर अधिकृत सल्ला पुन्हा इन्स्टॉल करण्याचा आहे. डेटास्टोअर, म्हणजे मशीन्सच्या फाइल्सचा साठा, राखता येतो, पण सेटिंग्ज नव्याने करून मशीन्स पुन्हा नोंदवावी लागतात. आमच्यासारख्या, तज्ज्ञ बोलावायचा तर नागपूरहून बोलावणाऱ्या ठिकाणी प्रॉक्समॉक्सच सोयीचे, असे माझे मत आहे.

तक्रार एवढीच की ही सोय कोणालाही आहे. की-बोर्डपर्यंत पोहोचलेला माणूस दहा मिनिटांत मालक होऊ शकतो, आणि आमचा सर्व्हर तर काट्याच्या खोलीत, गाडीवानांचे डबे ठेवतात त्याच टेबलाखाली होता. ग्रबला पासवर्ड लावता येतो, पण तो आपणहून लावावा लागतो. मी तो लावला, सर्व्हर लोखंडी कपाटात हलवला आणि दोन्ही पासवर्ड लिहिलेले पाकीट दिवाणजींच्या तिजोरीत, खरेदीच्या चेकबुकांखाली ठेवले.