खांद्याचं ऑपरेशन: उशीवालं स्लिंग आणि बर्फाचा पट्टा, पाच महिन्यांनंतर

उजव्या खांद्याच्या रोटेटर कफचं (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचं) दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्याला पाच महिने होतील. तेव्हा घेतलेल्या दोन वस्तूंबद्दल लिहितेय: हात गळ्यात अडकवायचं स्लिंग आणि जेल भरलेला बर्फाचा पट्टा.

पण आधी पहिली रात्र. ऑपरेशनच्या वेळी मानेपाशी इंजेक्शन देऊन हात बधिर केला होता. त्या बाजूची पापणी लोंबली, आवाज घोगरा झाला. मुलगी घाबरली, पण ते त्या इंजेक्शनमुळेच होतं, बधिरपणाबरोबर गेलं. संध्याकाळी काहीच दुखेना, म्हणून गोळी "दुखलं की घेऊ" म्हणत पर्समध्येच ठेवली. रात्री दोनला बधिरपणा उतरला आणि असा ठणका लागला की बाळंतपण आठवलं. मग घेतलेल्या गोळीचा गुण यायला तासभर गेला. हात बधिर असतानाच गोळ्या सुरू करायच्या असतात. डिस्चार्जच्या कागदावर होतं तसं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. तोंडाने कोणी सांगितलं नाही.

आता बर्फाचा पट्टा. फ्रीझरमधून काढून बांधला की बरं वाटतं, पण बसलं की सगळं जेल घसरून दंडाकडे जमा होतं. खांद्याच्या माथ्यावर, नेमकं दुखतं तिथे, नुसतं कापड! शेवटी माथ्यावर फ्रोजन मटारची पिशवी ठेवायला लागले. खाली दुमडलेला पंचा, पंधरा-वीस मिनिटं, बस्स. या किमतीत मटार किती आले असते, हा हिशेब यजमानांनी दोनदा ऐकवला.

स्लिंग मात्र पैसे वसूल. कमरेशी उशी असल्याने हात अंगापासून जरा लांब राहतो, ताण येत नाही. सहा आठवडे घातलं. मानेवरचा पट्टा काचतो, तिथे रुमाल घालावा लागला. आणि वेलक्रोने माझ्या दोन ओढण्यांची वाट लावली. झोपताना आडवं होणं अशक्य. दिवाणावर तीन उशा रचून टेकून झोपायचे, कोपराखाली चादरीची घडी. ती घडी सरकली की कोपर मागे पडायचा आणि जाग यायचीच.

आता हात डोक्यापर्यंत जातो, पण मागे जात नाही. वेणी अजून मुलगीच घालते, तीही घाईघाईत, वाकडी. स्लिंग धुऊन माळ्यावर टाकलंय. पट्टा फ्रीझरमध्येच आहे, मटारशेजारी. फिजिओथेरपीहून आलं की दोन्ही काढते.