भाडं नुसत्या किलोमीटरचं नसतं: 1,400 किलोमीटरच्या तीन खेपांनंतरचा अभिप्राय

मी पुस्तकांची उघडी लाकडी कपाटं बनवते. गेल्या वर्षभरात दूरच्या शहरातल्या एका ग्रंथालयासाठी तीन खेपा पाठवल्या. माझ्या कारखान्याच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत रस्त्याने 1,400 किलोमीटर. तिन्ही खेपा एकाच वाहतूक सेवेने नेल्या. इतकी वर्षं माल पाठवत असूनही भाडं कशाचं लागतं हे मला त्यांच्याकडेच पहिल्यांदा नीट कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

याआधी ज्यांच्याकडून माल पाठवायचे ते फोनवर एकच आकडा सांगायचे, किलोमीटरला इतके. मी अंतराने गुणायचे, तेवढे पैसे बाजूला काढायचे, आणि बिल यायचं दीडपट. टोल वेगळा, हमाली वेगळी, गाडी थांबली त्याचे वेगळे, डिझेल वाढलं त्याचे वेगळे. त्यातला कुठलाच आकडा खोटा नव्हता. पण गिऱ्हाइकाला माझा भाव देऊन झाल्यावर ते कळून काय उपयोग? वरचे पैसे माझ्याच कामातून जायचे.

या सेवेत नियोजन बघणाऱ्या बाईंनी पहिल्या फोनला वजन विचारलंच नाही. आधी मापं विचारली. कपाट 1.8 मीटर उंच, 0.9 मीटर रुंद, 0.4 मीटर खोल, आणि अशी 60. म्हणजे एकूण जवळपास 39 घनमीटर. खरं वजन 2,400 किलो. रस्त्याच्या वाहतुकीत बरेच वाहतूकदार एका घनमीटरला 333 किलो धरतात, यांचाही हिशोब तोच. त्या मापाने माझा अडीच टनांहून कमी माल कागदावर जवळपास 13 टन झाला. मी गप्पच झाले. त्यांनी शांतपणे समजावलं: गाडीत आधी जागा संपते किंवा आधी वजन संपतं, जे आधी संपेल त्याचं भाडं. तुमच्या कपाटांत निम्म्याहून जास्त हवाच जाते आहे. आणि मग विचारलं, "ताई, कपाट सुटं करून पाठवता येईल का?"

त्या एका प्रश्नासाठी मी या सेवेची ऋणी आहे. तोवर आम्ही सांधे सरस लावून पक्के करायचो. आमच्या मिस्त्रींनी आठवडाभर डोकं चालवून ते नट-बोल्ट आणि लाकडी खुंट्यांवर आणले. बाजू, फळ्या आणि पाठ आडव्या रचल्या की एका कपाटाचं खोकं 12 सेंटिमीटर जाडीचं होतं. साठ खोक्यांचे मिळून 11.7 घनमीटर, हिशोबाचं वजन 3.9 टन. पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तिकडे जोडणीला दोन माणसं तीन दिवस लागली, त्यांची मजुरी धरूनही फरक मोठा राहिला. भाडं कमी करणारा सल्ला भाडं घेणाऱ्यानेच द्यावा, हे मी याआधी पाहिलं नव्हतं.

भावाचा कागद एकच पान, पण प्रत्येक ओळ वेगळी: चालवण्याचा खर्च, टोल, चढाई-उतराई, थांबण्याचा दर, डिझेलची अट, आणि परतीचा वाटा. शेवटच्या ओळीवर मी अडले. माझा माल तर जायचा आहे, परतीचे पैसे मी का द्यायचे? उत्तर असं की गाडी तिकडे सोडून देता येत नाही. तिकडून भरून यायला माल मिळाला तर परतीचा खर्च दुसरं कोणी उचलतं. नाही मिळाला तर रिकामे 1,400 किलोमीटर माझ्याच भाड्यात बसतात. ज्या शहरात माल बनतो तिथून निघणाऱ्या गाड्यांना मागणी जास्त, ज्या शहरात तो नुसता खपतो तिथून निघताना गाड्याच माल शोधत असतात. म्हणून रस्ता तोच, गाडी तीच, तरी जाण्याचा आणि येण्याचा भाव वेगळा.

त्यांनी तीन पर्याय दिले. अख्खी गाडी माझ्यासाठी, त्याला शंभर धरू. पार्ट लोड, म्हणजे वाटेत दोन गोदामांत माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणार, त्याला 48. आणि तिसरा पर्याय: तिकडची एखादी गाडी इकडे माल टाकून परत निघाली की तिच्यातली मोकळी जागा मला. दिवस मात्र मी ठरवायचा नाही, तीन दिवसांतला कुठलाही. त्याला 55. मी तिसरा घेतला. पार्ट लोड सातने स्वस्त होता, पण लाकडाचे कोपरे मोडतात ते प्रवासात कमी, चढवताना-उतरवताना जास्त. चढवणं एकदा, उतरवणं एकदा, मध्ये कोणाचा हात नाही, याची किंमत सातपेक्षा नक्कीच जास्त आहे. ज्यांचा माल पोत्यांतला किंवा मजबूत पेट्यांतला आहे त्यांनी खुशाल पार्ट लोड घ्यावा.

वेळेच्या बाबतीतही ते खरं बोलले, आणि ते ऐकायला आधी आवडलं नव्हतं. जुने वाहतूकदार "दोन दिवसांत पोचवतो" म्हणायचे. यांनी चौथ्या दिवसाची सकाळ सांगितली. एक चालक, दिवसाला 9 तास, ताशी सरासरी 50, म्हणजे दिवसाला 450 किलोमीटर. दोन दिवसांत पोचायचं तर त्याच वेगाने एका माणसाला रोज 14 तास गाडी चालवावी लागेल. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाची नेहमीची मर्यादा 9 तासांची. अमेरिकेत मालट्रकच्या चालकाला सलग 10 तास सुट्टी झाल्यावर जास्तीत जास्त 11 तास चालवता येतं. मी इतकी वर्षं जो दोन दिवसांचा वायदा कौतुकाने ऐकला, तो कोणाच्या तरी झोपेतून येत होता. आता मी ग्रंथालयाला पाच दिवस सांगते. एकदाही खोटी पडले नाही.

डिझेलची अट वाचून भिऊ नये, गणित सोपं आहे. भरलेली मोठी गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर धरली तर नुसत्या जाण्याला 400 लिटर लागतं. यांच्या कागदात डिझेलचा वाटा भाड्याच्या 40 टक्के लिहिलेला आहे. डिझेल 10 टक्क्यांनी चढलं तर भाडं 4 टक्क्यांनी चढणार, उतरलं तर तितकंच उतरणार. दुसऱ्या खेपेला 2 टक्के वाढले ते याच नियमाने, आणि ते मला बिलाच्या आधी कळवलं होतं.

तिसऱ्या खेपेला अख्खी गाडी घेतली होती, कारण तळाला ग्रंथालयाच्या टेबलांसाठी सागाच्या जाड फळ्या होत्या. वजनकाट्यावर गाडीच्या मर्यादेपेक्षा 600 किलो जास्त भरले. मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय. चालकदादा सरळ "नाही" म्हणाले आणि ऑफिसनेही त्यांचीच बाजू घेतली. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात भारलेल्या गाड्या चाचणीच्या रस्त्यांवर पुन्हा पुन्हा चालवून एक मोठा प्रयोग झाला होता. त्यातून निघालेला ठोकताळा असा की एक्सलवरचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे 16 पट होते. शिवाय ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. फळ्या उतरवल्या, नंतर वेगळ्या पाठवल्या. त्या दिवशी रागावले होते, आज त्यांचंच बरोबर वाटतं.

विम्याचं मात्र नीट ऐका, कारण ते मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. वाहतूकदाराची जबाबदारी बहुतेक वेळा मालाच्या किमतीवर नसते, किलोवर असते. देशांदरम्यानच्या रस्तावाहतुकीसाठी 1956 मध्ये झालेल्या सीएमआर करारात तिची मर्यादा किलोमागे 8.33 एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. यांच्या बिल्टीच्या, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीच्या, मागेही भरपाई किलोवरच लिहिली होती. म्हणजे हलक्या आणि जागा खाणाऱ्या मालाचा दोन्हीकडून तोटा: भाडं आकारमानावर, भरपाई वजनावर. माझं कपाट 40 किलोचं, पण त्यातलं काम 40 किलोचं नाही. त्या बाईंनी वेगळा ट्रान्झिट विमा घ्यायला सांगितला. त्यात त्यांना काही मिळत नव्हतं, तरी सांगितलं.

थांबण्याचे पैसे दुसऱ्या खेपेला मला पडले. उतरवायला दोन तास मोफत, पुढे तासाचा दर. गाडी सकाळी नऊला पोचली, ग्रंथालय त्या दिवशी दुपारी दोनला उघडलं. पाच तास गाडी उभी, त्यातल्या तीन तासांचे पैसे. यांच्या अर्जात तिकडची वेळ, सुट्टी, गल्लीची रुंदी, गाडी मागे घ्यायला जागा आहे का, सगळं विचारलेलं असतं. वेळेच्या रकान्यात मी अंदाजाने लिहिलं होतं. तुम्ही तसं करू नका, पलीकडे फोन करूनच भरा.

आता ज्यासाठी एक तारा कापते आहे ते. पोच पावती, म्हणजे माल मिळाल्याची सही असलेला कागद, तिन्ही वेळा उशिरा आला. एकदा तर 11 दिवसांनी. ग्रंथालय त्या कागदाशिवाय मला पैसे देत नाही. चालकाने तिथेच फोटो काढून पाठवला तरी माझं काम भागेल, हे मी दोनदा लेखी कळवलं आहे. आणि भावाचा कागद 48 तासच ग्राह्य असतो. माझ्या गिऱ्हाइकाला मंजुरीला आठवडा लागतो, त्यामुळे दर वेळी सगळं नव्याने मागावं लागतं. डिझेलची अट कागदात आधीच आहे, मग भाव आठवडाभर टिकायला अडचण कसली?

पाचपैकी चार. पुढच्या महिन्यात 22 गोल टेबलं जायची आहेत. पाय सुटे होतील असे केले आहेत, खोक्यांची मापं घेऊन ठेवली आहेत, आणि ग्रंथालय किती वाजता उघडतं ते या वेळी आधीच विचारलं आहे.