महामारीचा समाजावरचा परिणाम: फोनवरचं सर्वेक्षण की सविस्तर मुलाखत?

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं, आणि घरोघरी जाऊन माहिती गोळा करणं जवळपास थांबलं. संशोधकांनी फोन हाती घेतला. त्याचा फायदा मोठा: थोड्या दिवसांत हजारो घरांपर्यंत पोचता येतं, दर महिन्याला तेच प्रश्न विचारून किती जणांचं काम गेलं, किती घरांत एक वेळचं जेवण कमी झालं, हे मोजता येतं. पण ज्याच्याकडे फोनच नाही तो या आकड्यांत येत नाही, आणि बहुधा सर्वांत जास्त भरडला गेलेला तोच असतो. शिवाय नवरा शेजारी बसलेला असताना मारहाणीबद्दल कोणती बाई फोनवर बोलेल?

मुलाखतीचं काम संथ. तीस-चाळीस माणसांवरून टक्केवारी काढता येत नाही. मात्र अंत्यसंस्काराला जाता न आल्याचं दुःख, शेजाऱ्यांनी दार लावून घेतल्याची सल रकान्यांत मावत नाही. बोलणारा मध्येच गप्प झाला, तर ऐकणाऱ्यानेही थांबायचं असतं.

मी आधी मुलाखती घेईन. त्यांत लोकांनी वापरलेल्या शब्दांतूनच प्रश्नावली बनवेन, आणि फोन नसलेल्या घरांसाठी प्रत्यक्ष भेटी राखून ठेवेन.