नकली स्टेन्ड ग्लास: डिंक-रंग की जिलेटीन पेपर?

स्टेन्ड ग्लास म्हणजे रंगीत काचेचे तुकडे काळसर पट्ट्यांनी जोडून केलेली नक्षी. तिची नक्कल डिंक-रंगाने काचेवर करायची तर आधी काच स्पिरिटने पुसा. बोटांचा तेलकटपणा राहिला की रेघ सुटून येते. काळ्या रेघेसाठी दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग काळा ॲक्रिलिक रंग. बारीक तोंडाच्या बाटलीतून सलग रेघ ओढा, रात्रभर वाळू द्या. घाई केली तर काळा रंग आतल्या रंगात उतरतो आणि सगळं मळकट दिसतं. रेघांमधले कप्पे पारदर्शक डिंकात खायच्या रंगाचे दोन-तीन थेंब मिसळून भरा, बुडबुडे टाचणीने लगेच फोडा. पूर्ण वाळेपर्यंत काच आडवीच हवी. पाण्याचा हात मात्र लावू नका, डिंक पांढरट होतो.

जिलेटीन पेपरचं, म्हणजे रंगीत पारदर्शक कागदाचं काम तासाभरात उरकतं. काळ्या कार्डपेपरवर नक्षी काढून कटरने कप्पे कोरा, मधल्या पट्ट्या निदान ५ मिमी ठेवा, नाहीतर फाटतात. कागद कप्प्यापेक्षा थोडा मोठा कापून मागून ग्लूस्टिकने चिकटवा. पातळ डिंकाने सुरकुत्या पडतात.

काचेची खोली, रंगाचा हलका चढउतार डिंकातच मिळतो, म्हणून आमची पसंती त्यालाच. पण थेट उन्हात खायचा रंग विटतो. तिथे ग्लास पेंट वापरा. लहान मुलांसाठी कागदच बरा, कटर तेवढा मोठ्यांच्या हाती.