सोल्डर मास्क: यूव्ही शाई की ड्राय फिल्म?
सोल्डर मास्क म्हणजे पीसीबीवरचे (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डावरचे) तांब्याचे ट्रॅक झाकणारा आणि सोल्डरिंगचे पॅड तेवढे उघडे ठेवणारा थर. घरी बनवलेल्या पीसीबीसाठी यूव्ही प्रकाशाने कडक होणारी शाई सोपी वाटते, पण सगळी गोम थराच्या जाडीत आहे. शाई जाड राहिली की वरून कडक होते, आत ओलीच. मग पॅड उघडे करताना ट्रॅकवरचा थरही निघून येतो. म्हणून पारदर्शक शीट ठेवून, बुडबुडे काढत ती सारखी पसरवावी. हवेतला ऑक्सिजन शाईचा पृष्ठभाग चिकट ठेवतो, शीट तोही अडवते.

ड्राय फिल्म म्हणजे तयार कोरडा पापुद्रा, तिची जाडी आधीच ठरलेली. लॅमिनेटरमधून गरम दाबायची, पॅडच्या जागा काळ्या असलेल्या पारदर्शक नकाशातून यूव्ही प्रकाश द्यायचा, सोडियम कार्बोनेटच्या सुमारे १ टक्का द्रावणात धुवायची. मात्र ट्रॅकच्या कडेला हवा अडकते. आणि एचिंगची (नको असलेले तांबे रसायनाने काढताना वापरायची) फिल्म इथे चालत नाही, ती सोल्डरिंगची उष्णता सोसत नाही.

बारीक पिनांच्या आयसीसाठी मी फिल्मच घेईन. मोठ्या पॅडच्या साध्या बोर्डाला शाई पुरे.