फोल्डस्कोप: जंतांची अंडी दिसतात, हिवतापाचा परजीवी दिसत नाही

फोल्डस्कोप घ्यायचा विचार असेल तर आधी दोन आकडे वेगळे करून घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश, जिम सायबल्स्की आणि जेम्स क्लेमेंट्स यांनी २०१४ साली ‘प्लॉस वन’ या विज्ञान नियतकालिकात या कागदी सूक्ष्मदर्शकाचा शोधनिबंध छापला. त्यात २००० पटींहून जास्त विशालन आणि ८०० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे ०.८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावा दाखवला होता. वजन ८.८ ग्रॅम, बाहेरची वीज नको, तिसऱ्या मजल्यावरून पडला तरी चालतो आणि सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत. बातम्या आल्या त्या या आकड्यांच्या. विक्रीला मिळणारा नेहमीचा संच मात्र १४० पटींचा असतो आणि त्यात साधारण २ मायक्रॉनपर्यंतचे बारकावे वेगळे दिसतात. वस्तू उत्तम आहे. पण संसर्गजन्य रोगांच्या कामासाठी घेणाऱ्याने २०१४ चा निबंध वाचून पैसे मोजले, तर त्याची निराशा होणार.

हा फरक कंपनीच्या काटकसरीमुळे पडलेला नाही, तो भिंगाच्या भौतिकशास्त्रातच आहे. फोल्डस्कोपचे भिंग म्हणजे काचेचा एक गोल मणी. मणी जितका लहान तितके विशालन जास्त. १४० पटींसाठी साधारण २.४ मिमी व्यासाचा मणी लागतो आणि त्याचा फोकस मण्याच्या पृष्ठभागापासून अर्ध्या मिलिमीटरच्या थोडे पुढे जुळतो. २००० पटींच्या पुढे जायचे तर मणी ०.२ मिमीचा लागतो, तोही नीलमण्याचा. मग फोकस जुळतो जेमतेम १५ मायक्रॉनवर. नमुन्यावर झाकायची नेहमीची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिपच, १७० मायक्रॉन जाड असते. म्हणजे झाकलेल्या नमुन्यापर्यंत ते भिंग पोचणारच नाही. हातात धरून वापरायच्या साधनात १४० पटींवर थांबणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे.

जोडणी अवघड नाही, पण घाई नको. छिद्ररेषेवरून तुकडे सुटे करायचे, प्रत्येक घडी नखाने दाबून पक्की करायची आणि रंग जुळवत पट्ट्या एकमेकींत ओवायच्या. घडी अर्धवट राहिली की स्टेज, म्हणजे स्लाइड धरणारा भाग, किंचित फुगतो. मग डावीकडे फोकस जुळला की उजवीकडे सुटतो आणि दोष भिंगाला दिला जातो. मण्याला बोट लागू देऊ नका. सरकपट्टी ओढली की भिंग नमुन्याच्या जवळ-दूर होते, आणि स्लाइड धरणारा भाग दोन्ही अंगठ्यांनी सरकवून नमुना फिरवायचा.

पहिल्याच दिवशी सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे स्लाइड उलटी घालणे. कव्हरस्लिपची बाजू भिंगाकडेच हवी. काचपट्टी १ मिमीहून थोडी जाड असते आणि फोकस अर्ध्या मिलिमीटरवर. नमुना काचेच्या पलीकडे गेला की सरकपट्टी कितीही ओढा, धूसरच दिसेल. ‘माझा पीस खराब निघाला’ अशी तक्रार आली की आधी हे तपासा.

आता मुख्य प्रश्न, कोणत्या रोगाचे काय दिसते? २ मायक्रॉनची फूटपट्टी हाती धरली की बरेचसे उत्तर मिळते. तांबड्या पेशी ७ ते ८ मायक्रॉनच्या, त्या दिसतात. फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीची रक्तपेशीतली अंगठीसारखी अवस्था त्या पेशीच्या पाचव्या हिश्श्याएवढी, तिथे हा सूक्ष्मदर्शक संपतो. ठिपका दिसल्यासारखे वाटेलही, पण तो परजीवी आहे की रंगाचा कण, हे कोणी सांगू शकणार नाही. हिवतापाचे रक्तनमुने १०० पटींच्या ऑइल इमर्शन (नमुना आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून वापरायच्या) भिंगाखाली, म्हणजे १००० पटींवर तपासतात, त्याला कारण आहे. क्षयाचे जंतू लांबीला २ ते ४ मायक्रॉन असले तरी जाडीला अर्ध्या मायक्रॉनच्या आत असतात. थुंकीच्या तपासणीसाठी फोल्डस्कोपचा विचारही करू नये.

जंतांच्या अंड्यांचे मात्र चित्र वेगळे आहे. गोल जंताचे अंडे ४५ ते ७५ मायक्रॉनचे, पिवळट तपकिरी, बाहेरून खडबडीत. चाबूककृमीचे ५० मायक्रॉनच्या आसपास, पिंपासारखे, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच. ही दोन्ही १४० पटींवर ओळखू येतात. अंकुशकृमीचे अंडे आकाराने मोठे, ६० ते ७५ मायक्रॉन, पण कवच पातळ आणि आत जेमतेम काही पेशी. फोल्डस्कोपला कंडेन्सर, म्हणजे नमुन्यावर प्रकाश एकवटणारे भिंग, नाही, प्रकाश कमी करायला पडदा नाही. झगझगीत उजेडात हे अंडे विरघळल्यासारखे होते. त्यावर इलाज म्हणजे दिवा मध्यावरून किंचित बाजूला सरकवायचा. तिरका प्रकाश पडला की कवचाची कड उठून येते. सलाइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) थेंबाशेजारी आयोडीनचा दुसरा थेंब करून पाहणेही उपयोगी.

थेंब कसा करायचा तेही महत्त्वाचे. ०.८५ टक्के सलाइनचा एक थेंब आणि काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल इतकाच, साधारण २ मिलिग्रॅम नमुना. वर कव्हरस्लिप ठेवल्यावर खालचा छापील मजकूर वाचता आला पाहिजे. जाड थर केला तर मोठा सूक्ष्मदर्शक फोकस खालीवर करून निभावतो, फोल्डस्कोप नाही निभावत. हवेचे बुडबुडे, परागकण आणि वनस्पतींच्या पेशी यांना नवशिके अंडी समजतात. बुडबुड्याची कड काळी, जाड आणि अगदी गोल असते, आणि आत काहीच नसते.

या साधनाला सर्वांत शोभणारी तपासणी म्हणजे सुताकृमीची पारदर्शक टेपची चाचणी. सकाळी शौचाला जाण्याआधी, धुण्याआधी, मुलाच्या गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर टेपची चिकट बाजू दाबायची आणि ती थेट स्लाइडवर चिकटवायची. संचातल्या भोक असलेल्या कागदी स्लाइडवर ती नीट बसते. टेप पातळ असल्याने फोकसचाही प्रश्न येत नाही. अंडे ५० ते ६० मायक्रॉनचे, एका बाजूला चपटे. एकदा पाहिले की पुन्हा चुकत नाही. ही अंडी काही तासांतच संसर्गक्षम होतात, म्हणून हातमोजे हवेत आणि टेप लावून झाल्यावर मुलाचे हात साबणाने धुवायचे.

यावरून ‘मग प्राथमिक आरोग्य केंद्रात निदानाला वापरू’ असे वाटेल. तिथे थांबा. घानामध्ये मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिस या कृमिरोगासाठी फोल्डस्कोप मोबाइलला जोडून तपासला गेला आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या तुलनेत संवेदनशीलता (बाधितांपैकी किती सापडले) ५५.९ टक्के, विशिष्टता (निरोगींपैकी किती निरोगीच ठरले) ९३.३ टक्के. या कृमीचे अंडे शंभर मायक्रॉनहून मोठे असते, एका टोकाला काटा असतो, म्हणजे न दिसण्यासारखे त्यात काही नाही. तरी शंभरातले चव्वेचाळीस बाधित हातून सुटले. (हा रोग आपल्याला अगदीच परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली होती.)

माझ्या मते दोष भिंगापेक्षा स्टेजचा आहे. २२ मिमीची कव्हरस्लिप पूर्ण तपासायची आणि स्पष्ट दिसणारा मधला भाग अर्धा मिलिमीटर रुंद धरला, तर ४४ पट्टे एकामागून एक, न चुकता पाहावे लागतात. मोठ्या सूक्ष्मदर्शकात दोन खुंट्या फिरवून ते होते. इथे अंगठ्याने कागद सरकवताना कोणता पट्टा झाला आणि कोणता राहिला याचा हिशेब राहत नाही. शिवाय गोल मण्यामुळे कडेचे चित्र नेहमीच धूसर. अंडी भरपूर असली तर कुठेही सापडतात. कमी असली की सुटतात, आणि सौम्य संसर्गात ती कमीच असतात.

हत्तीरोगाचेही तेच. रात्रीच्या रक्तनमुन्यातला मायक्रोफायलेरिया, म्हणजे या रोगाच्या कृमीचे रक्तात फिरणारे पिल्लू, पाव मिलिमीटरहून लांब असतो, रंगवलेल्या नमुन्यात सहज दिसतो. पण प्रजाती ठरवायला शेपटीतली केंद्रके पाहावी लागतात, ती इथे स्पष्ट होत नाहीत. गडचिरोली-चंद्रपूर भागात आशा कार्यकर्त्यांना ‘रात्री रक्त का घेतो’ हे समजावताना तयार स्लाइड दाखवायला फोल्डस्कोप छान. अहवाल मात्र लॅब टेक्निशियनच्या सूक्ष्मदर्शकावरूनच जावा.

विद्यापीठातून निघालेल्या दुसऱ्या एका साधनाशी तुलना केली की मुद्दा आणखी उघड होतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला सेलस्कोप लोआ हाही मोबाइलवरचाच सूक्ष्मदर्शक. पण तो एकाच कामासाठी बांधला आहे. केशनलिकेतल्या ताज्या रक्ताचा व्हिडिओ घ्यायचा, नमुना यंत्रानेच सरकवायचा आणि लोआ लोआ या आफ्रिकेतल्या कृमीच्या वळवळणाऱ्या मायक्रोफायलेरियांची हालचाल मोजायची. कॅमेरूनच्या ओकोला जिल्ह्यात २०१५ साली त्याने सोळा हजारांहून अधिक लोक तपासले. मिलिलिटरला २०,००० हून जास्त मायक्रोफायलेरिया असलेले ३४० जण, ज्यांना आयव्हरमेक्टिन या कृमिनाशक औषधाने गंभीर दुष्परिणाम होऊ शकतो, त्या औषधापासून दूर ठेवले आणि गंभीर दुष्परिणाम एकही झाला नाही. तिथे नमुना सरकवणे आणि मोजणे माणसाच्या हातावर सोडलेले नव्हते. फोल्डस्कोपमध्ये सगळे हातावरच आहे.

मग घ्यायचा कशासाठी? डासअळ्यांसाठी. इथे तो खरोखर मोलाचा आहे. पावसाळ्यात कंटेनर सर्वेक्षण करणाऱ्याला, म्हणजे पाणी साठलेली भांडी-टाक्या तपासणाऱ्याला, अळी एडिस डासाची की क्युलेक्स डासाची हे जागेवर कळले, तर काम बदलते. संपूर्ण अळी स्लाइडच्या फटीत मावत नाही, म्हणून ती गरम पाण्यात मारायची, पोटाच्या सातव्या खंडानंतर ब्लेडने कापायची आणि शेपटीकडचा तुकडा ग्लिसरीनच्या थेंबात कव्हरस्लिपखाली आडवा, कुशीवर ठेवायचा. आठव्या खंडाच्या बाजूला फणीसारखे खवले शोधा. एडिस इजिप्तीमध्ये ते एकाच ओळीत, आठ ते बाराच्या आसपास. प्रत्येक खवल्याला मधला मोठा काटा आणि बुडाशी दोन्ही अंगांना छोटे काटे, त्रिशूळच. एडिस अल्बोपिक्टसमध्ये ओळ एकच, पण काटा सरळ, बाजूचे काटे नाहीत. क्युलेक्समध्ये खवल्यांचा दाट पुंजका असतो. ॲनाफिलिस डासाच्या अळीला शेपटीकडची श्वासनळी (सायफन) नसतेच, तो तर नुसत्या डोळ्यांनी पाण्यात आडवा तरंगताना ओळखू येतो. शहरातल्या टाक्यांमधले इजिप्ती आणि वाडीतल्या करवंट्यांमधले अल्बोपिक्टस वेगळे करायला १४० पट पुरेसे आहेत.

शाळा-महाविद्यालयांसाठीही शिफारस आहेच. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने प्रकाश यांच्या प्रयोगशाळेशी करार करून देशभर फोल्डस्कोप दिले आणि छोट्या प्रकल्पांना अनुदानही दिले, तो निर्णय योग्यच होता. दोन मुलांत एक फोल्डस्कोप असला की वर्गातला शेवटचा मुलगाही स्वतः पाहतो. फक्त वर्गात शौचाचे, रक्ताचे, थुंकीचे ताजे नमुने आणू नका. जंतविरोधी गोळ्यांच्या मोहिमेआधी मुलांना अंडी दाखवायची असतील तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून आधीच तयार केलेल्या कायमस्वरूपी स्लाइड मागवा.

सुरक्षेची आणखी एक बाब संचाबरोबरच्या उत्साहात विसरली जाते. डोळा लावून पाहताना नमुना चेहऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर येतो आणि स्लाइड उभी धरल्याने थेंब ओघळतो. रुग्णाचा नमुना असेल तर डोळा लावूच नका, मोबाइल जोडूनच पाहा. कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करा. सूर्याकडे रोखून पाहणे तर पूर्ण वर्ज्य. दिवसा उजळ भिंत किंवा पांढरा कागद पुरतो.

मोबाइल जोडताना चुंबकाची चकती मुख्य कॅमेऱ्यावरच बरोबर मध्यावर चिकटवा. तीन-चार कॅमेऱ्यांचे फोन जवळची वस्तू दिसताच आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात आणि चित्र गायब होते. मॅक्रोची सोय बंद करा, विशालन १ वर ठेवा, फोकस बोटाने दाबून पक्का करा. काही फोनमध्ये चुंबकामुळे कॅमेऱ्याची स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडून चित्र थरथरते, तेव्हा दुसरा फोन वापरा. फोनवर चित्र ताणून मोठे केले तरी २ मायक्रॉनच्या खालचे काही नव्याने दिसत नाही. मापे घ्यायची असतील तर जवळच्या महाविद्यालयातून स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड) घेऊन त्याच फोनने, विशालन न बदलता, एक फोटो काढून ठेवा. पुढची प्रत्येक मोजणी त्या फोटोवरून होते.

घेताना संचात दिवा आहे का ते पाहा. स्वस्त, वर्गासाठीच्या संचांत तो बहुधा नसतो आणि पावसाळी दुपारी त्याच्याविना काम अडते. कागद पाण्याने फाटत नाही, पण कोकणच्या दमट हवेत चकतीचा डिंक सुटतो आणि भिंगावर बुरशी धरू शकते. सिलिका जेलची पुडी घालून बंद पिशवीत ठेवा, भिंग फक्त कोरड्या लेन्स पेपरने पुसा आणि चुंबकाच्या चकत्या दोन जास्तीच्या मागवा.